आजीची कंबर

नोरीन हॅस्केलने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते छावणीतल्या दुकानात, औषधांच्या फळीसमोर. दोन हातांत कंबरदुखीच्या पट्ट्यांचे दोन डबे धरून तो उभा होता आणि मुलगी बघायला आल्यासारखा आळीपाळीने दोन्हींकडे पाहत होता. शनिवार होता. बाहेर कॅन्ससचा वारा गाड्यांची दारं उपटून न्यायच्या बेतात होता, आणि नोरीन जुना स्वेटर अडकवून, केस कसेबसे बांधून मांजराचं खाणं घ्यायला आली होती.

"माफ करा," तो म्हणाला, "यातलं जोरदार कुठलं, काही कल्पना?"

"कुणासाठी?"

"आजीसाठी." उत्तर जरा जास्तच पटकन आलं.

"वय काय आजींचं?"

"ब्याऐंशी... तशी दणकट आहे. फक्त कंबर."

"मग डावीकडचा घ्या. आणि एका वेळी एकच पट्टी लावायची म्हणावं."

त्याने डावीकडचे पाच डबे उचलले, ढकलगाडीत रचले आणि त्यांच्यावर कोबीचा एक गड्डा ठेवला. नोरीनला राहवलं नाही.

"कोबी कशाला?"

त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "डबे झाकायला. मी हेलिकॉप्टर चालवतो. आमच्या दवाखान्यात नवी पीए आलीय, पायदळातून. म्हणतात, नुसती शिंक आली तरी ती माणसाचं उडणं बंद करून त्याला जमिनीवर बसवते."

"पण कंबर तर आजींची आहे ना?"

तो असा काही ओशाळा हसला की नोरीनला आपल्या केसांची एकदम आठवण झाली. तेवढ्यात कोबी गडगडत खाली पडला. गड्डा उचलायला तो वाकला नाही. पाठ ताठ ठेवून, गुडघे मोडून तो हळूच खाली बसला आणि तसाच उठला. नोरीनने ते पाहिलं, मांजराचं खाणं घेतलं आणि आपण कोण ते न सांगता निघून आली.

आता या पीएंविषयी थोडं सांगायला हवं. पीए म्हणजे डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरचं बहुतेक सगळं काम करणारा माणूस. तपासतो, औषध लिहितो, टाके घालतो, आणि कोण कामाला लायक, कोण नाही, यावर सही करतो. जवान त्याला 'डॉक'च म्हणतात. नोरीनने पायदळात तीन वर्षं काढली होती. पाठीवर ओझं घेऊन बारा मैल चालायचं ठरलं की त्या दिवशी पहाटे सहाला तिच्या दारात चाळीस जण लंगडत उभे असायचे, आणि त्यातला एखादा घाईत पाय बदलून लंगडायचा. आजारी असल्याचं सोंग ती पावलांच्या आवाजावरून ओळखायची. पण हेलिकॉप्टरवाल्यांचा कारभार उलटा निघाला. इथे सगळे ठणठणीत. वैमानिकाचा हात मोडून लोंबकळत असला तरी तो म्हणणार, "हा असाच असतो, डॉक." आजार कबूल केला की उडणं बंद, म्हणून शहाण्याने दवाखान्याची पायरी चढू नये, असा त्यांचा पिढीजात नियम होता.

सोमवारी सकाळी वार्षिक तपासणीचा पहिला वैमानिक आत आला. चीफ वॉरंट ऑफिसर एमेट प्रुइट. दारातच थबकला. टेबलामागे गणवेशातली, केस नीट बांधलेली कॅप्टन हॅस्केल बसली होती.

"या," नोरीन म्हणाली. "कोबी कसा होता?"

प्रुइटचा चेहरा कोबीपेक्षा पांढरा झाला. "चांगला होता, डॉक."

"कंबर?"

"उत्तम."

"आणि आजींची?"

तो छताकडे पाहू लागला. "आहे... जरा बरी आहे."

नोरीनने त्याला वाकवलं, वळवलं, टाचांवर चालवलं, बोटांवर चालवलं, गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून पाहिली. कंबर जरा ताठ होती, पण पायांची ताकद पुरी, संवेदना पुरी. नाकारावं असं काहीच नव्हतं. तिने सही केली आणि कागद त्याच्याकडे न देता हातातच धरून ठेवला.

"आजींना एक सांगा. पायाला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दाखवायचं. तो हट्ट करायचा विषय नाही."

"सांगतो," तो म्हणाला. जाता जाता वळला. "आजी विचारत होती, व्यायाम काही आहेत का?"

असं ते सुरू झालं. दर गुरुवारी प्रुइट काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी कान दुखणाऱ्या सोबत्याला दंडाला धरून आणायचा, कधी कुणाचा कागद पोचवायला यायचा, आणि दोन कॉफ्या मात्र न चुकता आणायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार सगळा.

"आजी रोज चालते का?"

"दोन मैल. पण म्हणते, एकटीला कंटाळा येतो."

"मैत्रीण शोधायला सांगा."

"तिला एक आवडलीय... पण ती जरा कडक आहे."

"कडक माणसं आतून कशी असतात, हे आजींना या वयात कळायला हवं."

"कळतंय हळूहळू," प्रुइट म्हणाला आणि कॉफी समजून तिच्या टेबलावरचा पेन्सिलींचा पेला उचलून ओठांना लावला.

सार्जंट ओडेसा बूकर, दवाखान्याचा सगळा गाडा हाकणारी जॉर्जियाची बाई, तो गेल्यावर दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत इतकी देखणी म्हातारी मी पाहिली नाही."

"सार्जंट, काम नाही का?"

"आहे ना. नियमाचं पुस्तक चाळत होते. तुम्ही अधिकारी, तोही अधिकारी, तुकड्या वेगळ्या. त्यात काही आडवं येत नाही. फक्त एक आडवं येतं." तिने फायलींच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "तो तुमचा पेशंट."

नोरीनला ते पाठ होतं. आणि तरी गुरुवार जवळ आला की आरशासमोर आपला वेळ जास्त जातो, हेही तिला ठाऊक होतं. ती स्वतःवर चिडायची आणि मग केस पुन्हा बांधायची.

वसंतात हुकूम आला. प्रुइटची कंपनी, म्हणजे त्याची अख्खी तुकडी, नऊ महिन्यांसाठी समुद्रापार जाणार होती. दोन अगदी नवे वैमानिक त्याच्या हाताखाली उडणार होते, आणि या मोहिमेची वाट तो चार वर्षं पाहत होता. निघण्याआधी प्रत्येकाचा लायकीचा कागद नोरीनच्या सहीने जायचा होता.

त्या सकाळी ती खोलीत बसली होती आणि बाहेरच्या फरशीवरून कुणीतरी येत होतं. टक, थप. टक, थप. डावं पाऊल उचललं जात नव्हतं, आपटत होतं. पायदळातल्या चाळीस खोट्या लंगड्यांमध्ये हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. असं पाऊल कुणाला ठरवून आपटता येत नाही, म्हणून तो खरा होता. हेलिकॉप्टर डाव्या-उजव्या पायाने सांभाळावं लागतं, आणि हा पाय दोन पोरांना घेऊन समुद्रापार निघाला होता.

प्रुइट आत आला तो दोन कॉफ्या आणि भरलेला कागद घेऊन. 'पायात बधिरपणा?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. खालची सहीची जागा तेवढी मोकळी होती. त्याने खिशातून पेन काढलं.

"पेन ठेवा," नोरीन म्हणाली.

"काय?"

"सही करण्याआधी ऐका. तुम्ही खोटं लिहून सही केलीत आणि मग मला ते तपासणीत सापडलं, तर तुमचं उडणं संपलं. कायमचं. आणि मला सापडेल. तुम्ही स्वतः सांगितलंत, तर उपचार आहे, परत येण्याची वाट आहे. म्हणून मी तपासायच्या आधी एकदाच विचारते." तिने कागदावरच्या त्या प्रश्नावर बोट ठेवलं. "आजींच्या पायाला बधिरपणा आहे का?"

त्याने कॉफीचं झाकण काढलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. 'नाही' म्हणणं त्याला सवयीचं होतं, आणि बाहेर त्याची अख्खी कंपनी सामान बांधत होती.

"आजी मी सातवीत असताना गेली," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"कसं?"

"घरच्यांचे आजार तुम्हीच फाइलीत लिहिलेत. दोन्ही आज्या, सालासकट. पहिल्याच सोमवारी वाचलं."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला..." तो हसायला गेला आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं. मग त्याने 'नाही' खोडलं आणि त्यावर 'हो' लिहिलं. "तीन आठवडे. डावा अंगठा, आता पाऊलही. वाटलं होतं, जाईल."

नोरीनने त्याला तपासलं आणि उडायला मनाई लिहिली. तो बाहेर गेल्यावर बूकर बाईंनी काही न विचारता दार ओढून घेतलं.

मणक्यातली गादी सरकली होती. लहानसं ऑपरेशन झालं. विश्रांती तीन महिने, पुढचं पुढे. कंपनी एका स्वच्छ सकाळी त्याच्याशिवाय गेली. प्रुइट काठी टेकून मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि शेवटचं विमान ठिपका होईपर्यंत हलला नाही, हे नोरीनने खिडकीतून पाहिलं. नंतरचे तीन गुरुवार तो आला नाही. तिने स्वतःची कॉफी स्वतः आणली. ती अगदीच बेचव लागली. त्याची आठवण तिला इतकी येत होती की एका जवानाच्या घोट्याच्या कागदावर तिने 'कंबर' लिहिलं. आपण प्रेमात पडलो आहोत, ही गोष्ट तिने त्या दिवशी कुठलंही सोंग न करता स्वतःशी कबूल केली, आणि मग एक अर्ज काढून भरला.

चौथ्या गुरुवारी प्रुइट आला. काठी आपटत, लालबुंद होऊन.

"माझी फाइल त्या दुसऱ्या डॉक्टरकडे, मेजर ग्रीलींकडे पाठवलीत?"

"हो."

"त्या माणसाने अर्धा तास मला त्याच्या मासेमारीच्या गोष्टी सांगितल्या. आधी जमिनीवर बसवलंत, ते मी गिळलं. बरोबर होतं तुमचं. त्या दोन पोरांचं काही झालं असतं तर मी आरशात पाहू शकलो नसतो. हे सांगायलाच येणार होतो, नीट चालता आलं की. आणि तुम्ही मला सरळ दुसऱ्याच्या गळ्यात बांधलंत? इतका वैताग आला माझा?"

"बसा आधी."

"बसून बसून कंटाळलोय."

"मग उभं राहून ऐक," नोरीन म्हणाली. तुम्हीवरून ती तूवर कधी आली, ते तिलाही कळलं नाही. "विश्रांती संपली की कुणीतरी तुझ्या कागदावर सही करायची आहे. तू पुन्हा उडावंस, असं मला फार वाटतं. त्या दिवशी मैदानाच्या कडेला तुला पाहिलं आणि वाटलं, आत्ता जाऊन ती मनाई फाडून टाकावी. आणि रात्री वाटतं, तू कधीच उडू नयेस... जमिनीवर राहावंस, माझ्या डोळ्यांसमोर. असं दोन्ही वाटणाऱ्या बाईने ती सही करू नये, एमेट. म्हणून ग्रीली. त्यांना तुझ्याबद्दल काहीही वाटत नाही."

प्रुइटने काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. दोघांपैकी कुणीही ती उचलली नाही.

"म्हणजे आजपासून तू माझी डॉक नाहीस," तो सावकाश म्हणाला.

"नाही."

"आणि तुला खरं सांगायचं बंधन माझ्यावर उरलं नाही."

"कायद्याने नाही."

"मग ऐक." तो गंभीर चेहरा करून तिच्यासमोर येऊन उभा राहिला, इतका जवळ की औषधी मलमाचा वास तिला आला. "मला अजिबात आनंद झालेला नाही. छातीत काही धडधडत नाही. आणि आज संध्याकाळी तुझ्याबरोबर जेवायला जायची माझी मुळीच इच्छा नाही."

नोरीनने, सवयीप्रमाणे, त्याचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पंधरा सेकंद मोजून झाले, मग तीस, मग ती मोजायची विसरली. नाडी शंभराच्या पुढे पळत होती. तिने मनगट सोडलं नाही, आणि याची नोंद कुठेही केली नाही.