पडद्यावरचे शंभर टक्के

काल पडद्यावर शंभर टक्के दिसले होते. ‘कॉपी पूर्ण’ असंही लिहून आलं होतं. तरी शाल्मलीनं काढून दिलेल्या डिस्कमधलं व्हेल मादीचं आणि तिच्या पिल्लाचं ध्वनिमुद्रण बंदरावर उघडलंच नाही.

मालवणपासून दूर, समुद्रात तरंगणाऱ्या त्या संशोधन केंद्रावर सगळेच दमले होते. वादळात इंटरनेटची अँटेना वाहून गेल्यामुळे माहिती डिस्कनंच पाठवावी लागे. आज ती पोचली नाही, तर व्हेल इथं असल्याचा पुरावा बंदरवाल्यांना मिळणार नव्हता आणि उद्यापासून मोठी जहाजं त्या मायलेकरांच्या वाटेतूनच जाणार होती. खुबा हा पाणबुड्या रोबो बिचारा पुन्हा खाली जाऊन आवाज टिपून आला. आता त्याची बॅटरी संपत आली होती. त्याला बंद करून चार्ज करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. केंद्रावरची एकुलती एक शास्त्रज्ञ म्हणजे शाल्मलीची वसुधामावशी. तिच्यात रागावण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

“शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के ना?” शाल्मली कुरकुरली.

“दोरीवरचे कपडे काढून तू पलंगावर टाकतेस आणि आईला ओरडून सांगतेस, झालं,” मावशी म्हणाली. “घड्या होऊन कपाटात जातात का ते?”

“जातात. नंतर.”

“खुबातल्या संगणकाचंही तसंच. डिस्क हळू लिहिते, म्हणून तो माहिती आधी कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकतो आणि झालं म्हणतो. मग सवडीनं डिस्कवर उतरवतो. काल खुबा बंद होत होता आणि तू मध्येच कपाट, म्हणजे डिस्क, उचलून नेलंस. वीज गेल्यावर पलंगावरचंही सगळं गेलं.”

शाल्मलीला स्वतःचीच लाज वाटली. आपल्यामुळे खुबाला पुन्हा बुडी मारावी लागली होती.

मावशीनं खुबाला बंद व्हायला सांगितलं.

“आधी चालू कामं थांबवतो,” खुबा संथपणे म्हणाला. “मग उरलेलं लिहीन. मग डिस्क अनमाउंट करीन (तिच्याशी असलेला व्यवहार संपवून तिला मोकळी करीन). तोवर डिस्कला हात लावू नकोस, शाल्मली.”

खाली डिस्क न्यायला आलेल्या लाँचचा भोंगा वाजला. पडद्यावरचा आकडा मात्र जागचा हलेना.

“एक काम डिस्क सोडत नाहीये,” खुबा म्हणाला.

“ओढून काढू का?” शाल्मलीचा हात पुढे गेला होता.

“काल तेच केलंस,” मावशी म्हणाली. “खुबा, कोणतं काम?”

“ऐकवण्याचं.”

खुर्चीवर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. मघापासून शाल्मलीच ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकत होती, आणि चालूच ठेवून उठली होती. तिनं हेडफोन कानाला लावला. पिल्लू आईला साद घालत होतं. बंद करायला जिवावर आलं, पण तिनं बटण दाबलं.

“लिहून झालं. डिस्क मोकळी आहे,” खुबा म्हणाला, आणि त्याचे दिवे विझले. मगच तिनं डिस्क काढली आणि लाँचवाल्या तांडेलमामांच्या हातात दिली.

ऊन उतरताना रेडिओवर मामांचा आवाज आला. “फाईल उघाडली गो बाय. पिल्लाचो आवाज पण इलो. उद्यापासून जहाजां भायरसून जातली.”

शाल्मलीनं वळून पाहिलं. मावशी खुर्चीतच झोपी गेली होती.

“मावशी उठली की सांगते,” ती हळूच म्हणाली. “आणि मामा, बंदरवाल्यांना पिल्लू मोठं होईपर्यंत वाट बाहेरूनच ठेवा म्हणावं.”