भास्करराव पोहले ती संध्याकाळ

मी लिफ्ट तपासतो. बर्लिनमधल्या इमारतींतल्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे आणि प्रोटोकोल, म्हणजे तपासणीचा अहवाल, लिहायचा, हे माझं सतरा वर्षांचं काम. इतक्या वर्षांत मी एकाही प्रोटोकोलमध्ये 'असं वाटलं' हे शब्द लिहिलेले नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं मी घडलं तसं, त्याच क्रमाने सांगणार आहे.

माझे सासरे भास्करराव जुलैच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याहून आमच्याकडे आले. वय एकाहत्तर, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि मालविका ही त्यांची एकुलती एक मुलगी. बाबांनी आता आपल्याजवळच राहावं असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी करायचा अर्ज तिने भरून तयार ठेवला होता, फक्त त्यांची सही हवी होती. ती ते करत नव्हते.

त्यांना जर्मनी आवडली नव्हती, असं म्हणणं अर्धवट ठरेल. त्यांना जर्मनीत चुका सापडल्या होत्या. आल्यापासून तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या इमारतीच्या पन्हाळीचा उतार चुकीचा असल्याचं पत्र आकृतीसह हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला, पाठवलं, आणि दहाव्या दिवशी माणसं येऊन खरोखरच उतार बदलून गेली. ज्या माणसांना मी चार वर्षं फोन करत होतो तीच ही माणसं. सकाळच्या पावाचा तुकडा बोटांनी वाजवून ते म्हणत, हा खाण्याचा पदार्थ नसून पायाच्या खोदकामातला नमुना आहे. मला ते 'जावईबापू' म्हणत. लग्नाला बारा वर्षं झाली तरी या शब्दात त्यांनी तपासणी अहवालाचा सूर टिकवला होता.

मालविका रोज रात्री सात-आठ मिनिटं रडायची. म्हणून मग तिने 'वाळवंटातली संध्याकाळ' शोधून काढली.

बर्लिनपासून दीड तासावर, ब्रांडेनबुर्गमध्ये, जुन्या लष्करी सरावाचं एक मैदान आहे. तिथे इतकी वर्षं रणगाडे फिरले की शेवटी जमिनीने गवत उगवायचं सोडून दिलं. आता तिथे मैलभर नुसती पांढरी वाळू आहे. एका कुटुंबाने त्या वाळूच्या कडेला तंबू ठोकले होते. दुपारी बस, मग तळ्यात पोहणं, तंबूत जेवण, करमणूक, नऊला परतीची बस. जर्मनीत वाळवंट असतं हे भास्कररावांना मान्य नव्हतं. प्रत्यक्ष पाहणी करून मगच बोलेन, एवढं म्हणून ते तयार झाले.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पोहोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. फाटकावर अकरा नियमांचा फलक होता. उंटाला खायला घालू नये हा तिसरा नियम आणि उंटाचं नाव ग्युंटर आहे हा चौथा. ग्युंटर एका बंद पडलेल्या सर्कशीतून आलेला होता आणि आल्यागेल्याकडे निवृत्त माणसासारखा बघत होता.

तंबूंची मालकीण फ्राऊ क्रामर साठीची, आडव्या बांध्याची बाई. तिच्याकडे माणसं कमी होती, त्यामुळे तिकिटं तीच बघत होती, गळ्यात शिट्टी अडकवून तळ्यावर लक्षही तीच ठेवणार होती, आणि रात्रीच्या कार्यक्रमात 'लैला' या नावाने नाचणारीही तीच होती, हे आम्हाला नंतर कळलं. ती मनगटांना कागदी पट्ट्या बांधत होती. पोहता येणाऱ्यांना निळी, न येणाऱ्यांना लाल. आम्हा तिघांना, म्हणजे मला, मालविकाला आणि आमच्या सात वर्षांच्या कुहूला तिने विचारून निळ्या पट्ट्या बांधल्या. भास्कररावांना काही न विचारता लाल बांधली. आणि म्हणाली, पुन्हा आलात, बरं वाटलं. तुमची खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली आहे.

मी तिला सांगितलं की हे जर्मनीत पहिल्यांदाच आले आहेत, येऊन महिनाही झाला नाही. तिने 'हो, हो' म्हणत मान हलवली आणि मागच्या कुटुंबाकडे वळली.

मी भास्कररावांना भाषांतर करून सांगितलं. पांढऱ्या केसांचे भारतीय लोक यांना सारखेच दिसतात, दुसऱ्या कुणाशी घोटाळा झाला असणार, असंही पुढे जोडलं. ते म्हणाले, घोटाळा असो वा नसो, खुर्चीची व्यवस्था आहे ना. तळ्याच्या काठावर, पाण्यापासून पाच-सहा पावलांवर, खरोखर एकच लाकडी खुर्ची होती. ती त्यांच्या उंचीला बरोबर बसली. बसल्यावर पुढ्यातल्या तिवईवर त्यांना काचेच्या पेल्यात गरम पाणी मिळालं. ते कायम गरम पाणीच पितात. हे मालविकाने बुकिंग करताना कळवलं असेल असं मी गृहीत धरलं. तिने कळवलं नव्हतं, हे मी बसमध्ये विचारलं तेव्हा समजलं.

तळं काळसर आणि स्थिर होतं. भास्कररावांनी पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. चौतीस वर्षं धरणांवर काढलेल्या या माणसाने कधी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. पाण्याकडे काठावरून बघायचं, पाणी आपल्याकडे बघायला लागलं की उठायचं, असं ते म्हणत. आता ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसले आणि कोटबुसहून आलेल्या एका वयस्कर जोडप्याला इंग्रजीत काठाची धूप कशी होते ते समजावू लागले. जोडपं 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होतं. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता.

सहा वाजून पाच मिनिटांनी मी आणि कुहू पाण्यात उतरलो. पाणी वर कोमट होतं आणि कमरेखाली एकदम गार. काठाकडे पाठ करून मी तिला हात मारायला शिकवत होतो. दहा मिनिटं झाली असतील. मालविकाची हाक आली म्हणून वळलो.

खुर्ची रिकामी होती.

तळ्याच्या मध्यावर एक माणूस पोहत होता. लांब, संथ, एकसारखे हात. पाणी उडत नव्हतं, आवाजही नव्हता. तो पलीकडच्या काठाला लागला, वळला आणि परत आला. पाण्यातून उभा राहिला तेव्हा ते भास्करराव होते. अंगात गडद निळी पोहण्याची चड्डी होती. त्यांची बॅग मी स्वतः भरली होती, त्यात तशी चड्डी नव्हती. मनगटावर निळी पट्टी होती.

"पाणी फार छान आहे, राजन," ते मला म्हणाले.

मालविका टॉवेल घेऊन धावली. लहानपणी माहुलीला कृष्णेत शिकलो होतो, ते म्हणाले, अंग विसरत नाही. हे शक्यकोटीतलं होतं. लोक विसरलेलं आठवतात, चड्डी तिथे भाड्याने मिळत असेल, पट्ट्या बदलून देत असतील. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण मिळत होतं आणि मी ती कारणं ओळीने लावत गेलो. फक्त फ्राऊ क्रामर शिट्टीशी चाळा करत त्यांच्याकडे बघत होती, ते बघणं एखादी मास्तरीण पास झालेल्या मुलाकडे बघते तसं होतं.

साडेसातला जेवण. गालिच्यांवर बैठे मेज, भाजलेल्या भाज्या, डाळिंबाचे दाणे घातलेला भात, आणि वाळवंटाशी काहीही संबंध नसलेलं बटाट्याचं सॅलड. भास्कररावांनी सगळं खाल्लं. पावाला चांगलं म्हणाले. कुहूला मांडीवर घेऊन ग्युंटरची नक्कल करून दाखवली, आणि ती इतकी हुबेहूब होती की तंबूबाहेरून ग्युंटरने उत्तर दिलं. सॅलड संपत आलं तेव्हा मालविकाने पर्समधून तो अर्ज काढला, म्हणजे काढला नाही, नुसता हात पर्समध्ये गेला. भास्कररावांनी अर्ज स्वतःच पर्समधून काढून घेतला आणि ताटलीशेजारी ठेवून, न वाचता, सही केली. आयुष्यात त्यांनी न वाचता केलेली ही पहिली सही असावी.

मग ढोल वाजू लागला आणि फ्राऊ क्रामर लैला होऊन आली. सोनेरी झालर, पोटावर चमचमती साखळी, गळ्यात अजूनही शिट्टी. लोक टाळ्या वाजवू लागले. भास्करराव उठले आणि तिच्याबरोबर नाचले. वाईट नाचले नाहीत. मालविका हसत होती. तिची आई गेल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

कुहू मात्र तंबूच्या उघड्या बाजूला तोंड करून बसली होती. तिने माझी बाही ओढली आणि जर्मनमध्ये विचारलं, ओपाला, म्हणजे आजोबांना, जेवायला कुणी का नाही बोलावलं?

मी म्हटलं, ओपा इथेच तर नाचताहेत.

ती म्हणाली, हे नाहीत. ते.

सूर्य खाली आला होता पण उजेड भरपूर होता. तळं तंबूपासून साधारण दीडशे पावलांवर. काठावरच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं, आमच्याकडे पाठ करून.

मी उठलो. कपाळावर घाम होता, तो ढोलाजवळ बसल्यामुळे असावा. मी पावलं मोजली. चाळीस पावलांवर पांढरे केस दिसले. नव्वदवर दुमडलेली पँट दिसली. एकशे वीसवर, खुर्चीच्या हातावर ठेवलेलं मनगट आणि त्यावरची लाल पट्टी.

मी थांबलो.

"जावईबापू," ते म्हणाले. मागे वळले नाहीत. "बस किती वाजता आहे?"

मी म्हटलं, नऊला.

"मला कुणी बोलवायला आलं नाही." आवाजात तक्रार होती, पण नेहमीसारखी ठाम नव्हती. "पाय वाळूत रुतलेत थोडे. जरा हात द्या."

त्यांनी हात बाजूला लांब केला. तळहात वर.

मागे ढोल थांबला. टाळ्या वाजल्या. त्यात मालविकाचं हसणं वेगळं ऐकू येत होतं.

मी हात दिला नाही.

मी वळलो आणि परत गेलो. चालत गेलो. पळालो नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

नऊला ड्रायव्हरने माणसं मोजली. येताना अडतीस होतो, जाताना अडतीस भरले. भास्करराव खिडकीशी बसले होते आणि कुहूला साताऱ्याच्या गोष्टी सांगत होते. ती त्यांच्याकडे न बघता ऐकत होती. बस वळली तेव्हा तळ्याची बाजू डावीकडे आली. मी उजवीकडे बघत होतो.

त्यानंतरचे सहा आठवडे आमच्या घरातले सर्वांत चांगले आठवडे होते, हे सांगायला हवं. भास्करराव रोज सकाळी हालनबाडला, म्हणजे बंदिस्त तलावावर, पोहायला जात. शेजारच्या बाईंकडून जर्मन शिकत आणि जेवताना 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणून बोलायला सुरुवात करत. पन्हाळीबद्दल बोलत नसत. मालविकाचं रात्रीचं रडणं बंद झालं. कुहूचाही अबोला दोनेक आठवड्यांत गेला. मुलांना चांगल्या वागण्याची लवकर सवय होते. मोठ्यांनाही होते. मी एकदाही तळ्यावर परत जाऊन बघितलं नाही. जाऊन काय तपासणार होतो, असं स्वतःला विचारायचो, आणि तो प्रश्न मला पुरायचा.

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, मालविका कुहूला घेऊन बुटांच्या दुकानात गेली होती. मी आणि भास्करराव स्वयंपाकघरात चहा पीत होतो. फोन वाजला. फ्राऊ क्रामर होती.

ती अगदी नम्रपणे बोलली. म्हणाली, तुमच्या सासऱ्यांचा आम्हाला काही त्रास नाही. फार थोडं खातात. काठ कसा बांधावा याचा त्यांनी नकाशा काढून दिलाय, आणि तो खरंच चांगला आहे, पुढच्या वर्षी तसंच करू. पण रविवारी आमचा हंगाम संपतो. तंबू उतरवले की आम्ही गावात राहायला जातो. ग्युंटरही तिकडेच असतो. आणि हिवाळ्यात पाणी वाढतं, त्या खुर्चीपर्यंत येतं. तर तुम्ही उद्या येताय की परवा?

फोनमध्ये तिच्या मागे कुणीतरी खोकलं.

टेबलाच्या पलीकडे भास्करराव बशीत चहा ओतत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

मी जर्मनमध्ये म्हटलं, माफ करा, तुम्ही चुकीचा नंबर लावलाय. आणि फोन ठेवला.

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग त्यांनी विचारलं, कुणाचा होता. मी म्हटलं, राँग नंबर.

ते जर्मन अजून शिकतच होते, तेवढं बोलणं त्यांना कळायचं कारण नव्हतं.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि किटली उचलून माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.