जाणारी पावलं

पोंभुर्ण्याच्या जंगलात वाटेवर ठिकठिकाणी माती चाळून, हाताने गुळगुळीत केलेले पट्टे असतात. जनावर त्यावरून गेलं की सकाळी त्याचा ठसा मिळतो. आपल्या भागातले पट्टे मंगरू सांभाळायचा. वनमजुरीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ठसा पाहून जनावर कोणतं ते तर तो सांगेच, पण ते भुकेलंय की भ्यालंय, हेही सांगे. माणसांचंही तसंच. कोण भांडून निघालं, कोण चोरून भेटायला गेलं, ते त्याला मातीतून कळे, आणि तो ते पोटात ठेवी.

फाल्गुनातल्या एका सकाळी, पलीकडच्या टोल्याकडे, म्हणजे चार घरांच्या वस्तीकडे, जाणाऱ्या वाटेवर त्याला अनवाणी पावलं दिसली. सोबत वनरक्षक दीपाली होती.

"मंगरूभाऊ, तुमी आज आधीच येऊन गेले का?" तिने विचारलं.

मंगरू वाकला. उजव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली, टाचेत जुन्या काट्याची खाच. त्याने चप्पल काढून शेजारी आपला पाय उमटवला. दोन्ही ठसे एकच होते. आणि तो तर आत्ताच घरून उठून येत होता. पावलं टोल्याकडे गेलेली होती, परतीचं एकही नव्हतं.

टोल्यात त्याचा धाकटा भाऊ झिंगू राहायचा. काही वर्षांमागे मोहाच्या हंगामात झिंगू आणि मंगरूची बायको गुलाब फुलं वेचायला गेले होते. वाघ आला. झिंगू झाडावर चढला, गुलाबला जमलं नाही. माती दिल्यावर झिंगू पायाशी येऊन बसला, तेव्हा मंगरूने त्याला उठवलं. माझ्या मनात काही नाही, तुझ्या जागी मीही चढलो असतो, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. लोकांनी त्याचा मोठेपणा मानला. त्यालाही आपलं बोलणं खरंच वाटत होतं. फक्त त्यानंतर टोल्याकडे जाणं झालं नाही. कधी काम निघे, कधी गुडघा धरे. या हिवाळ्यात मध काढताना झिंगू झाडावरून पडला आणि कमरेतून लुळा झाला, तेव्हाही मंगरू म्हणाला, जाऊ उद्या.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर पुन्हा पावलं होती. मग रोजच दिसू लागली.

मंगरू ती वाचू लागला, परक्या माणसाची वाचावी तशी. उजवं पाऊल डाव्यापेक्षा खोल होतं, म्हणजे उजव्या खांद्यावर काहीतरी असणार. त्या खांद्यावर तो कुऱ्हाड घेई. घरी येऊन त्याने कुऱ्हाड पाहिली. कितीतरी दिवसांत तिला हात लावला नव्हता, पण पात्याला ताजा चीक होता. कुऱ्हाडीच्या वजनाने पाऊल एवढं दबत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! पण भीतीपोटी तो हिशेब त्याने केलाच नाही.

त्याने कुऱ्हाड दीपालीकडे नेऊन दिली आणि चौकीत कुलपात ठेवायला सांगितली.

"काऊन?"

"मी काय करीन, ते मले माहीत नाई."

दीपालीने कुऱ्हाड आत ठेवून कुलूप लावलं.

सकाळी पावलं होतीच, उजवं अजूनही खोल. मंगरूने चप्पल हातात घेतली आणि त्यांच्या मागे निघाला.

नाल्याशी तो माणूस बराच वेळ थांबला होता. तिथली माती पायांनी चिवडलेली होती. पुढे एकदा तो मागे वळला, मग पुन्हा पुढे गेला. मंगरूने बसून टाच पाहिली. रागातला माणूस टाच आपटतो. हा चवड्यावर चालला होता, घरात कोणी निजलं असावं तसा.

टोल्याच्या तोंडाशी मंगरूला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

झिंगूच्या कुंपणाशी सरपण रचलं होतं, धावड्याचं, एकसारखं फोडलेलं. प्रत्येक तुकड्यावर त्याच्या कुऱ्हाडीच्या तुटक्या टोकाची रेघ होती. सगळ्यात वर आजची मोळी होती. ती नुसत्या काटक्यांची होती, हाताने मोडलेल्या.

मंगरूने आपले तळवे पाहिले. साधा ओरखडाही नव्हता.

झिंगूची बायको दुर्गा बाहेर आली. मंगरू तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, त्यामुळे त्याच्याकडे न पाहताच तिने डोक्यावर पदर घेतला आणि पाणी ठेवून आत गेली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

झिंगू ओसरीत खाटेवर टेकून बसला होता. वाळला होता, पण डोळे हसरे होते.

"ये दादा. जरा सरकून बस. तिथी तू बसून हायेस."

पायथ्याशी खाटेची दोरी खाली दबलेली होती. वर कोणी नव्हतं.

मंगरू दुसऱ्या कडेला बसला.

"मनात काई नाई म्हनलो होतो तुले," तो म्हणाला. "ते खरं नोहतं."

"माहीत हाये. तू सांगतला ना मले."

मंगरूने दबलेल्या दोरीकडे पाहिलं. ओसरीत ऊन आलं होतं. त्याने हळूच विचारलं, "अजून काय म्हनलो मी?"

झिंगू सांगू लागला. मंगरूच्या मनात राग होता, तो झिंगूवर कमी आणि स्वतःवरच जास्त होता. त्या दिवशी गुलाब त्याला सोबत चल म्हणाली होती आणि तो गेला नव्हता. झिंगूचं तोंड पाहिलं की तेच आठवेल, म्हणून तो इकडे येत नव्हता. आणि भावाशिवाय त्याला करमत नव्हतं. मंगरू ऐकत होता, आणि एकेक गोष्ट त्याला पटत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

दुर्गाने चहा आणला. दोघांनी गुलाबचं नाव घेतलं, तिच्या आठवणी काढून हसलेही.

उठताना मंगरू म्हणाला, उद्या येतो. या वेळी तो नक्की येणार होता, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

कुंपणापाशी पोचून त्याने मागे पाहिलं. झिंगू पायथ्याकडे तोंड करून बोलतच होता. मध्येच थांबत होता, समोरच्याचं ऐकून घेत होता, आणि मान हलवून हसत होता.