तुमचे दात माझ्याकडे आहेत

“बाई, तुमचे दात माझ्या तोंडात आहेत.”

सकाळी सकाळी फोनवर हे ऐकून मी मटकन खुर्चीतच बसले. सदुसष्ट वर्षांत पुरुषांनी मला फारसं काही म्हटलेलं नाही, आणि हे तर कुणीच नाही.

“कोण बोलतंय?” मी ग्रंथालयातला आवाज लावला. चौतीस वर्षं त्या आवाजाने भल्याभल्यांना गप्प बसवलं होतं.

हा गृहस्थ गप्प बसला नाही. “रिटायर्ड बस कंडक्टर बोलतोय. परवा दातांच्या डॉक्टरकडे आपल्या दोघांच्या कवळ्या घासायला होत्या ना? त्यांनी डब्या बदलल्या. माझ्याकडच्या झाकणावर तुमचा नंबर आहे. तुम्ही झाकण वाचलं नाहीत?”

आयुष्यभर पुस्तकांना लेबलं चिकटवली, आणि स्वतःच्या डबीवरचं वाचलं नाही! दोन दिवस कवळी तोंडात खुळखुळत होती, तर मला वाटलं, हिरड्याच आटल्या. तसं सगळंच आटत चाललं होतं. हे गेल्याला चार वर्षं झाली... जेवण आटलं, बोलणं आटलं, हसणं तर विचारूच नका. लेकीने फर्मान काढलं होतं, “आई, रविवारी येतेय. अशीच सुकलेली दिसलीस तर घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे.” मायेनेच म्हणत होती हो. पण माझी खिडकी, माझी पुस्तकं, माझं घर!

आम्ही बागेतल्या बाकावर भेटलो. रुमालात गुंडाळलेल्या डब्या इकडेतिकडे बघत बदलल्या, चोरीचा माल असावा तशा. दोघांचीही तोंडं रिकामी. मी रुमाल तोंडावर घट्ट धरलेला, आणि हा माणूस मात्र बोळकं पसरून हसत होता.

“लाजताय कशाला? ओळख व्हायच्या आधीच आपलं किती पुढे गेलंय!”

“इश्श! काहीतरीच काय!”

“तीनदा धुऊन आणलीय.”

“मी पाचदा,” मी म्हटलं, आणि रुमालाआड फिस्सकन हसले. स्वतःच दचकले.

“रुमाल काढा की.”

“नाही.”

“बरं... उद्या पुन्हा विचारतो.”

खरंच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. भुरभुर पाऊस होता त्या दिवशी तर छत्री घेऊन थेट दारात. बसमधले किस्से सांगत बसले: एका प्रवाशाने कोंबडीचं अर्धं तिकीट मागितलं, तेव्हा यांनी म्हणे कोंबडीच्या वयाचा दाखला मागितला. हसून हसून माझं पोट दुखलं. त्या संध्याकाळी मी पोळीचा डबा चाटूनपुसून रिकामा केला. कवळी परत आली होती, तरी त्यांच्यासमोर तोंडावरचा रुमाल मात्र हलला नाही.

रविवारी लेक आली, रिकामी सुटकेस घेऊन. मी चहा ओतते न ओतते, तोच कंडक्टरसाहेब विसरलेली छत्री न्यायला हजर. छत्री मुद्दाम विसरले होते, हे मला ठाऊक होतं.

“हे कोण?” लेकीच्या भुवया वर.

“हे... म्हणजे आमची कवळी...”

“ताई,” ते गंभीरपणे म्हणाले, “आईंचे दात दोन दिवस माझ्याकडे मुक्कामाला होते. परत जायचं म्हटल्यावर कडकडा वाजायला लागले हो!”

मला इतकं जोरात हसू फुटलं, की खालची कवळी सुटली आणि डुबुक्‌कन चहात पडली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीची नजर सुटकेसकडे गेली, माझा हात रुमालाकडे.

कंडक्टर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे स्वतःची खालची कवळी काढली आणि आपल्या चहात सोडली.

“घ्या. फिट्टंफाट.”

मग रुमाल कुठे पडला, देव जाणे! मी उघड्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लेक हसता हसता रडायलाच लागली. “आई... तुझा हा आवाज मी विसरूनच गेले होते गं.” तिने सुटकेस पलंगाखाली ढकलली, दोन्ही कवळ्या धुवून एका वाडग्यात ठेवल्या आणि नवा चहा टाकायला आत गेली. जरा जास्तच वेळ लावला तिने, शहाणी आहे.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तीस वर्षं लोकांना सांगितलं, सरकून घ्या, जागा आहे. आज स्वतःसाठी सांगतोय... माझ्या शेजारी जागा आहे.”

मी नकळत पदर सारखा केला. या वयात! “आधी कवळी घाला,” मी म्हटलं. “असलं काही मला स्पष्ट ऐकायचंय.”

त्यांनी वाडग्यातून कवळी उचलली, बसवली आणि तोंड वाकडं केलं.

“काय झालं?”

“बाई... ही पुन्हा तुमचीच आहे.”

“असू दे,” मी सरकून त्यांच्या शेजारी बसले. “आता राहू दे तुमच्याकडेच.”