एका ऋतूचा बँड

मी काम शिकत होते त्या छापखान्याच्या दारातच तो माझ्यावर आदळला. त्याच्या हातातला पोस्टरचा कागद माझ्या हातातल्या शाईच्या डब्यात आणि डब्यातली शाई त्याच्या पांढऱ्या शर्टावर.

"अरे देवा! शर्ट..."

"राहू दे. आता कुठे बघण्यासारखा झालाय."

पोस्टरवरची अक्षरं काढलीच अशी होती, की मेणासारखी वितळून एकमेकांत शिरली होती. मी म्हटलं, "वाचताच येत नाहीये."

"वाचायचं नाहीच. बघत राहायचं." आणि तो बघत राहिला — पोस्टरकडे नाही.

तो ऑर्गन वाजवायचा. चौघांचा बँड, ड्रमरच्या मामाच्या गॅरेजमध्ये तालीम. मामा रोज दुपारी कुरकुरत गाडी बाहेर काढून द्यायचे. मी पहिल्यांदा तालमीला गेले तेव्हा गिटार करवतीसारखी करकरत होती, आणि तिच्याभोवती त्याचा ऑर्गन भोवऱ्यासारखा गरगरत होता. पत्र्याचं दार थरथरलं. मीही.

"कसं वाटलं?"

"चक्कर आली."

"म्हणजे जमलं!"

मग मी रोजच जाऊ लागले. ताई म्हणाली, "त्याच्या नादी लागू नकोस." पण नाद कानातून आत शिरला की कोण काय करणार? त्याला एका जागी बसवत नसे, मला त्याच्याशिवाय बसवत नसे. सगळं घाईत चाललं होतं. एक रेकॉर्ड निघाली, एक गाणं रेडिओवर लागलं. मामांनी गाडी कायमची रस्त्यावर लावली. तो दोनदा काहीतरी बोलायला आला, आणि दोनदा म्हणाला, "काही नाही... ऊन फार आहे ना?"

कॉलेजच्या हॉलमधल्या कार्यक्रमाच्या दिवशी गायक आलाच नाही. मोठ्या रेकॉर्ड कंपनीला तो एकटाच हवा होता, आणि गडी कुणाला न सांगता निघून गेला होता. शेवटी आमच्या ऑर्गनवाल्यानेच वाजवत वाजवत गायला सुरुवात केली. आवाज फाटला. अर्धा हॉल उठून गेला. तो शेवटपर्यंत गायला. मी पहिल्या रांगेत हलले नाही.

त्या आठवड्यात बँड मोडला. लगेच त्याला निरोप आला — दूरच्या शहरातल्या एका बँडला ऑर्गनवाला हवाय. तो छापखान्यात आला, नुसत्या येरझाऱ्या.

"तू थांब म्हणालीस तर..."

माझ्या जिभेवर तेच होतं. पण मी त्याला त्या बंद गॅरेजसमोर उभं राहिलेलं पाहिलं होतं.

"नाही म्हणणार. उद्या हात रिकामे राहिले, तर माझ्यावरच चिडशील."

"आणि तू?"

"मी इथे काम शिकतेय. माझंही अजून काही ठरलेलं नाही."

बसस्टँडवर आम्ही दोघंही उगाच सामानाबद्दलच बोलत राहिलो. बस हलली आणि माझ्या लक्षात आलं — जे सांगायचं ते राहूनच गेलं! मी पळत सुटले, खिडकीवर थाप मारली.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर! कळलं का?"

काचेआड त्याचा चेहरा फुलला. धडपडत त्याने खिडकी उघडली, कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं! पुन्हा बोल!"

लबाड! त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं. सगळी बस हसत होती.

मी पुन्हा बोलले. आणखी मोठ्याने.