चौदा नंबरचा दगड

वाळूचा दाणा जितक्या लांबून येतो तितका झिजतो. कोपरे गोल होतात, कच्ची खनिजं वाटेतच संपतात, उरतं ते टणक क्वार्ट्झ. फेल्डस्पार मात्र नाजूक. वालुकाश्मात तो धारदार दिसला, तर ही वाळू जवळच्याच डोंगरातून निघाली असं समजायचं. अम्मानला तेवीस वर्षं मी हे शिकवतोय. दगड खोटं बोलत नाही, असंही वर ऐकवायचो. आता ते वाक्य मी गाळतो.

दक्षिणेकडच्या रम नावाच्या वाळवंटात आम्ही एका कड्याचे नमुने घेत होतो. चौदावा नमुना वरच्या कपारीतला हवा होता. माझे गुडघे दुखत होते, खाली चहा उकळत होता. मी पायथ्याचाच, ग्रॅनाइटला लागून असलेला तुकडा फोडला आणि त्यावर चौदा लिहिलं.

आमचा वाटाड्या सुवेलिम बघत होता. "डॉक्टर, कपार आज फारच खाली उतरली की!" असं म्हणून हसला आणि त्यानं माझ्या चहात साखर टाकली.

पुढे माझी सहकारी रजा हिनं त्या दगडाचा पातळ काप करून काचेवर चिकटवला. फेल्डस्पारला आम्ही पिवळा रंग चढवतो. सूक्ष्मदर्शकाखाली तीनशे दाण्यांत एकसष्ट पिवळे निघाले, तेही धारदार.

"इतक्या उंचावर? फवाझ, हे छापून आलं ना, तर भलेभले गप्प होतील!" ती हरखून गेली. "मी स्वतः जाऊन आणखी एक तुकडा आणते."

माझी पाचावर धारण बसली. ती जायच्या आत कपारीतला खरा दगड मागवून आपला बदलून टाकायचा, पहिल्या वेळी रंग बिघडला म्हणायचं, असं मी ठरवलं आणि सुवेलिमला फोन केला. कुणाला सांगू नकोस म्हणालो.

"आणतो हो. तुमची अब्रू ती आमची."

तो कड्यावरून पडला. तिसऱ्या दिवशी सापडला. साठीचा माणूस एकटा वर कशाला चढला, यावर वस्तीत कुजबुज सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वी माघार घेताना तुर्कांनी पुरलेलं सोनं चोरायला गेला होता, असं ठरलं. मी गप्प राहिलो.

त्याच आठवड्यात मी काप पुन्हा पाहिला. पिवळे दाणे चोपन्न. तीनदा मोजले. पुढच्या आठवड्यात एकतीस. बाकीचे गोल होत चालले होते.

मग एका सकाळी सुवेलिमचा भाऊ मुतलक माझ्या खोलीवर आला. मी कॉफी ओतली. त्यानं ती ओठाला न लावता कप खाली ठेवला. आमच्यात पाहुण्यानं असा कप ठेवला, की त्याचं काही मागणं असतं. ते नाकारणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"मला दुसरं काही नको, डॉक्टर. भाऊ वर का गेला, एवढं सांगा. लोक त्याला चोर म्हणतात. शेवटचा फोन तुमचा होता."

"सहज केला होता," मी म्हणालो. "मला काही माहीत नाही."

तो उठून गेला. कप भरलेलाच होता.

दुपारी काप पाहिला. एकही पिवळा दाणा नाही. सगळं गोल, स्वच्छ क्वार्ट्झ. अगदी कपारीतल्या दगडासारखं. मी सांगितलेलं काम सुवेलिमनं केलं होतं.

मला हायसं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

रजानं येऊन पुन्हा मोजलं. "माझंच चुकलं रे. रंग बिघडला असणार. माफ कर."

मी तिला माफी मागू दिली.

ती परत वाकली. "हा एक दाणा कसला? फवाझ, हे हाड आहे."

"पन्नास कोटी वर्षांच्या दगडात? तेव्हा हाडाचा प्राणीच नव्हता."

"आणि धार बघ त्याची. अगदी जवळून आलाय."

दुसऱ्या दिवशी तसे तीन होते.

रोज ठरवतो, मुतलकला सगळं सांगायचं. नंबर लावतो. त्याचा आवाज आला की फोन ठेवून देतो.

आज मोजले. एकशे सहा. झिजलेला एकही नाही.