अनसूयाबाईंची घामसीमा

माणूस किती उकाड्यात मरतो, हे तुम्ही न मेलेल्यांना विचारून ठरवलंत. जे पडले त्यांना मोजणीतून वगळलंत, जे उभे राहिले त्यांच्यावरून आकडा काढलात, आणि वर त्या आकड्याला विज्ञान म्हणालात. एखाद्या अडाण्याने हे केलं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. तुमच्या तर दारावरच्या पाटीत पदव्या मावत नाहीत.

सुरुवात झाली ती देवखाडी बंदरनगरीच्या उष्माप्रयोगशाळेत, मे महिन्यातल्या एका सकाळी. काचेच्या बाष्पखोलीतला चालपट्टा थांबला आणि अनसूया पेडणेकर बाहेर आल्या. वय चौसष्ट. सगळी नोकरी शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला लागतात तेव्हा या मॅरेथॉनला लागल्या. अंगातला टी-शर्ट पिळला असता तर बादलीचा तळ झाकला असता, पण श्वास जागेवर होता. समोरच्या गारेगार खोलीत दोन माणसं त्यांच्या शरीराबद्दल बोलत होती, जणू बाई अजून काचेआडच आहेत.

"एकतीस!" डॉ. यास्मिन मुकादम पडद्याकडे बघत म्हणाली. ती इथली शरीरशास्त्रज्ञ. "या वयाला एवढी घामसीमा क्वचितच दिसते."

"म्हणजे चांगलं ना?" उपसंचालक दिवेकरांनी विचारलं. हे नगरीच्या प्राधिकरणाचे. उकाड्याचं खातं त्यांच्याकडे आणि अंगावर कोट.

"घामसीमा म्हणजे काय ते माहीत आहे ना, सर?"

"मी इंजिनियर आहे, मॅडम."

"मग नीटच समजावून सांगा," अनसूयाबाई नॅपकिनने मान पुसत म्हणाल्या.

यास्मिनने हसू गिळलं. "तापमापकाला ओलं फडकं गुंडाळा. हवा कोरडी असली तर पाणी उडून जातं आणि फडकं गार पडतं. हवा दमट असली तर पाणी उडतच नाही. त्या फडक्यातला आकडा म्हणजे ओलफडका तापमान. माणूस हे एक ओलं फडकंच आहे. घाम उडाला तर तो गार राहतो, नाही उडाला तर आतून शिजतो. या खोलीत आपण माणसाला तासभर चालवतो आणि हवा हळूहळू दमट करत नेतो. पोटातली तापगोळी शरीराच्या आतलं तापमान कळवते. ज्या ओलफडका तापमानाला ते चढायला लागतं आणि पुन्हा बसत नाही, ती त्या माणसाची घामसीमा."

"आणि साठीच्या पुढच्यांची सीमा आपण किती धरायची?"

"नियमाप्रमाणे, ज्यांनी पूर्ण तास काढला त्यांच्यातली सर्वांत कमी."

"बघा," दिवेकर म्हणाले, "सरासरीसुद्धा नाही. सर्वांत अशक्त माणूस धरतोय आपण. याहून माणुसकी ती काय?"

"पण सर, तास पूर्ण कोण करतं? मासळी वाळवणीच्या ओट्यावरच्या बायका आल्या होत्या, गोदीतले रखवालदार आले होते. कुणाला भोवळ आली, कुणी निम्म्यात उतरलं. उरले ते सगळे धावणारे. त्यांच्यातली सर्वांत कमी सीमा बाईंचीच."

"उतरले त्यांची मोजणी अपूर्ण. अपूर्ण मोजणी धरता येत नाही."

"अहो, पडले म्हणून अपूर्ण!"

"तेच म्हणतोय मी. पूर्ण केली नाही त्यांनी."

यास्मिनने कपाळाला हात लावला. "बाईंचा आकडा वयाचा नाही, सर, सरावाचा आहे. रोज उकाड्यात घाम काढला की दोन आठवड्यांत शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, भरपूर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाला धावपळ पडत नाही. बाई सगळा उन्हाळा धावल्यात. ओट्यावरची बाई पावसाळाभर घरी असते, कारण वाळवण बंद असतं. ऑक्टोबरात ती परत उन्हात उभी राहते तेव्हा तिचं शरीर सगळं विसरलेलं असतं."

"विसरतं?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"गारव्यात बसलं की विसरतं. महिन्याभरात मागमूस राहत नाही."

दिवेकरांनी यातलं एक अक्षर ऐकलं नाही. ते फोनवर बाईंचा फोटो काढत होते. यास्मिनने अहवालावर सही केली. मनाला पटलं नाही, असं ती पुढे ज्याला त्याला सांगत फिरली. सही मात्र तशीच राहिली.

पावसाळ्यात भोंग्याचा आकडा बदलला. देवखाडीत उघड्यावरचं काम थांबवायला भोंगा होता. साठीपुढच्यांसाठी तो आधी ओलफडका एकोणतीसला वाजायचा आणि बायका छपराखाली जायच्या, खाडा न लागता. आता तो एकतीसला वाजणार होता, म्हणजे जवळपास वाजणारच नव्हता. आणि गावभर अनसूयाबाईंचं पोस्टर लागलं. धावतानाचा फोटो, खाली अक्षरं: 'चौसष्टीतही तडफदार! वय हा बहाणा.'

बाईंना पोस्टर आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दीपस्तंभापासून जेटीपर्यंतच्या रस्त्यावर त्या सराव करायच्या आणि वळणावरच्या पोस्टरपाशी त्यांचा वेग आपोआप वाढायचा. डिसेंबरात देवखाडीची मॅरेथॉन होती. साठीवरच्या बायकांमध्ये पहिलं यायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. सप्टेंबर सरला आणि तो उकाडा सुरू झाला, जो पूर्वी ऑक्टोबरपुरता असायचा आणि आता नाताळपर्यंत हलत नाही. हवा अशी की नाकाने घ्यावी की पेल्याने प्यावी ते कळू नये. बुटांत घाम साचून पचक पचक आवाज यायचा. धावणाऱ्यांच्या क्लबातली तरणी पोरं गारवस्त्रं घालून यायची, अंगावर फ्रिज बांधल्यासारखी, आणि दुसऱ्या वळणाला बॅटरी संपली म्हणून बसायची. बाई मीठ घातलेलं कोकमाचं पाणी प्यायच्या, लांबच्या धावण्याला वेग मुद्दाम पाडायच्या आणि बसलेल्या पोरांना ओलांडताना म्हणायच्या, "चार्जर आणू का रे?"

ऑक्टोबरात वाळवणीचा ओटा उघडला, आणि पहिल्याच आठवड्यात शेवंता पडली.

शेवंता म्हणजे बाईंची शाळेतली, एका बाकावरची. आयुष्यभर बोंबील सुकवले तिने. त्या दिवशी ओलफडका तीस होता. तिने ओट्यावरच्या मुकादमाला सांगितलं, डोकं गरगरतंय. मुकादमाने खांबावरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. "ती बघ. तुझ्याच वयाची. ती धावते, तुला उभं राहवत नाही?" शेवंता उभी राहिली, आणि मग बोंबलांवरच आडवी झाली.

बाई इस्पितळात धावत गेल्या. शेवंताच्या हाताला सलाईन होती आणि तोंड नेहमीसारखंच चालू होतं.

"आलीस गो, तडफदार? माझ्या पडण्याचा फोटू नाय काढला कुणी."

"शेवंते, गप पड."

"पडलेच होते की. ओकारी येत होती तरी वर बघते तर तू हसतेस. असा राग आला तुझा!"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मूत्रपिंडाला लागलंय म्हणे. पुन्हा असं झालं तर उठायची नाय मी."

"मग ओट्यावर जायचं नाही."

"आणि खायचं काय, तुझं पोस्टर?" शेवंताने कूस बदलली. "भोंगा वाजला तर बसता येतं. न वाजता बसलं तर दुसऱ्या दिवशी जागेवर दुसरी उभी असते. बरी झाले की जाणार. तुला सांगते, भोंगा नाय वाजला तर मी नाय उरत."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी धावणं बंद केलं.

क्लबात कुजबुज झाली, म्हातारी संपली. बाई रोज सकाळी रिक्षाने प्राधिकरणाच्या इमारतीत जाऊ लागल्या. तिथे अभ्यागत दालन नावाचं एक शवागार आहे. लोकांनी तक्रारी घेऊन यावं आणि गारठून परत जावं, अशी त्याची रचना. बाई शाल पांघरून, पायमोजे घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या. जेवणाचा डबा तिथेच. कचेरी बंद होईतो तिथेच. घरी येऊन पुन्हा एसी. जन्मात कधी लावला नव्हता तो, भाच्याकडून उसना आणलेला.

शेवंता घरी आली तेव्हा तिने विचारलं, "भेटला का तो साहेब?"

"नाही."

"मग रोज कशाला जातेस?"

"बसायला."

"धावायचं सोडून बसतेस? तुझी ती शर्यत गो?"

"गेली."

सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा घालून जे कमावलं होतं ते त्या शालीखाली दिवसागणिक विरघळत होतं, आणि बाईंना ते कळत होतं. पहिल्यांदा जिना चढताना कळलं, मग भाजी आणताना. उन्हात चार पावलं टाकली की डोकं तापायचं आणि घाम मात्र उशिरा यायचा.

दिवेकर रोज त्यांच्या समोरून लिफ्टकडे जायचे. पोस्टरावर हाच चेहरा त्यांनी गावभर लावला होता, तो समोर शाल पांघरून बसलेला त्यांना एकदाही ओळखू आला नाही. शिपायानेही विचारलं नाही, आजी, काम काय तुमचं? महिनाभर! त्या इमारतीत माणसाने बसून राहणं यात कुणालाच वावगं वाटत नाही.

नोव्हेंबरात फेरमोजणी आली. सीमा बत्तीसवर न्यायचा दिवेकरांचा बेत होता, आणि त्यासाठी त्यांनी आपणहून बाईंना बोलावलं. बाईंनी तापगोळी गिळली आणि चालपट्ट्यावर चढल्या. दिवेकर काचेपलीकडे कॉफी घेऊन उभे राहिले.

अर्धा तासही झाला नसेल, यास्मिन पडद्यावर वाकली. "हे काय? अठ्ठावीसलाच चढायला लागलं."

आत बाईंचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. घाम फुटला तो उशिरा आणि फुकट. काळजाचे ठोके कानात वाजत होते. पाय म्हणत होते, उतर. उतरल्या असत्या तर मोजणी अपूर्ण, आणि अपूर्णाला तुमच्या दरबारात किंमत नाही. म्हणून त्या चालत राहिल्या. वेग नाही, डौल नाही, फोटो काढावा असं काही नाही. एक म्हातारी बाई, टोपली घेऊन ओट्यावर चालावी तशी चालत होती.

"बाई, थांबा!" यास्मिनने काचेवर हात मारला. "आतलं तापमान एकोणचाळीसला गेलं की मी बंद करीन हं!"

"आता किती?"

"साडेअडतीस!"

"मग आहे अजून," बाई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

तास भरला. यास्मिनने त्यांना बाहेर ओढून खुर्चीत घातलं, मानेला बर्फ लावला. पडद्यावर आकडा होता, अठ्ठावीस. पुढे शब्द होता, पूर्ण.

"बाई, काय केलंत तुम्ही हे?" ती हळूच म्हणाली.

"काही केलं नाही. महिनाभर यांच्या दालनात बसले."

यास्मिनच्या ध्यानात आलं आणि ती खुर्चीच्या हातावरच टेकली. सर्वांत कमी पूर्ण मोजणी म्हणजे नगरीची सीमा, नियम दिवेकरांचाच. ज्याचं शरीर उकाडा विसरलंय आणि तरी जो तास पुरा करील, अशा एका माणसाची कमतरता होती. ती प्राधिकरणाच्या स्वतःच्या एसीने भरून काढली होती.

दिवेकरांनी कॉफी खाली ठेवली. "गोळी बिघडलीय. ही मोजणी रद्द."

"मे महिन्यात याच डब्यातली गोळी दिली होती, सर," यास्मिन म्हणाली.

"मग डबाच बिघडलेला असेल!"

"असू दे," बाई म्हणाल्या. शब्दाशब्दाला धाप लागत होती. "डबा बिघडलेला असेल तर मे महिन्याची एकतीसही खोटी. म्हणजे जुनी एकोणतीस परत आली. डबा नीट असेल तर आजची अठ्ठावीस. यास्मिन, बाहेर आत्ता किती?"

"तीस."

"म्हणजे दिवेकर, कुठूनही मोजा, भोंगा वाजायला हवा."

दिवेकर म्हणाले, "मला वर विचारावं लागेल."

वर म्हणजे तुम्ही. विचारलंय त्यांनी, फोन तुमच्यापर्यंत आलाय आणि तुम्ही तो धरून ठेवलाय. शेवंता आज पुन्हा ओट्यावर आली आहे. टोपली डोक्यावर आहे, छपराकडे बघतेय, आणि भोंग्याशिवाय तिला तिकडे पाऊल टाकता येत नाही. नियम तुमचा, डबा तुमचा, गारवा तुमचा. समिती नेमू नका, अभ्यास करू नका. एका शब्दात सांगा, वाजवताय की नाही?